पहिली काडी यजमानाची

भोर तालुक्यात कुणाच्या लग्नाला गेलात तर मंडपात बसू नका. तिथल्या खुर्च्या बहुतेक माझ्याच असतात, आणि त्या किती टोचतात हे मला ठाऊक आहे. तुम्ही सरळ मागच्या बाजूला जा, जिथं स्वयंपाक चालतो. सकाळी लवकर गेलात तर एक सोहळा बघायला मिळेल. भट्टी रचून ठेवलेली असते. तिला हळदकुंकू वाहिलेलं असतं, शेजारी नारळ असतो. मग यजमान, म्हणजे मुलीचा बाप किंवा घरातला जो कोणी वडीलधारा असेल तो, टोपी सारखी करून पुढं येतो. आचारी त्याच्या हातात काडेपेटी देतो. यजमान काडी ओढतो, भट्टी पेटते, बायका हात जोडतात, फोटोवाला फोटो काढतो. आता गॅसच्या शेगड्या आल्या, तरी लायटर यजमानाच्याच हातात देतात. कुणी विचारलंच तर सांगतात, "आपल्याकडं पहिली काडी यजमानाची. पूर्वापार आहे."

पूर्वापार! मी मिसरूड फुटल्यापासून या भागात मंडप, भांडी आणि स्पीकर भाड्यानं देतो. हे पूर्वापार माझ्या डोळ्यांदेखत जन्माला आलंय. भोरातल्या एका गुरुजींनी तर मला त्याचा शास्त्राधारही समजावून सांगितला होता. मी भक्तिभावानं मान डोलावली. मला हसू आवरत नव्हतं, पण समोर बुंदीचं ताट होतं.

खरी गोष्ट अशी, की हा विधी कुठल्याच पोथीत नाही. तो हौसामावशी नावाच्या एका आचारीणबाईनं काढला, कारण तिला काडी ओढता येत नव्हती. आणि येत नव्हती, कारण तिला शरम वाटायची.

मावशी उंच आणि हाडापेरानं दणकट होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, कमरेला पंचा, हातात नावेच्या वल्ह्याएवढं उलथणं. नवरा गेल्यावर वेल्ह्याच्या डोंगरातून, पासलीहून, ती भोरला आली, खानावळीत भाकरी थापू लागली, आणि बघता बघता हजार पानांची कंत्राटं घेऊ लागली. माणसांची नावं तिच्या ध्यानात राहत नसत. तिला राहायचं ते त्यांचं खाणं. एका बड्या अधिकाऱ्याला ती भर मंडपात "या, दोन वाट्या आमटी" म्हणून हाक मारायची, आणि तो गपगुमान यायचा. मला ती मंडपवाल्या म्हणायची. माझं खाणं बहुधा सांगण्यासारखं नसावं.

"पोट भरंल एवढं कुनीबी रांदतंय," ती म्हणायची, "जेवून उटल्यावर मानूस रुसायचा थांबला पायजे." आणि खरंच थांबायचा. हुंड्यावरून तोंडं फिरवून बसलेले व्याही तिच्या लापशीपाशी एकमेकांना तूप वाढताना मी पाहिलेत.

पण ही बाई स्वतः कधी पंगतीला बसली नाही. सगळे जेवले, वाढपी जेवले, भांडी घासणाऱ्या जेवल्या, की ती पातेल्याला पाठ टेकून बसायची आणि तळाची खरवड खायची. मुलीची आई ताट घेऊन मागं लागली तरी म्हणायची, "मला खरवडच गोड लागती." आम्ही म्हणायचो, काय साधी बाई! बघा, अशी असते लोकांची पारख.

पहिल्या काडीचा जन्म भोंगवलीतल्या एका लग्नात झाला. तोवर मावशीच्या हाताखाली एक गडी होता, तो भट्टी पेटवायचा. त्या दिवशी गडी आलाच नाही. लाकडं रचलेली, पातेली चढवलेली, आणि मावशी काडेपेटीकडं अशी बघत उभी, जणू आत साप आहे. मुलीचा बाप घाईला आलेला.

"मावशी, पेटवा की! वऱ्हाड कापूरहोळला आलंय."

मावशीनं त्याच्याकडं वळून बघितलं. मी नाटकं पुष्कळ बघितलीत, पण तसा पवित्रा दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. उलथणं जमिनीवर टेकवून ती म्हणाली, "लेक कुनाची?"

"माझी."

"आन्न कुनाचं?"

"माझंच."

"मग इस्तू माझा कसा? तुमच्या लेकीच्या लग्नाची चूल परक्या रांडमुंड बाईनं पेटवायची व्हय? हिकडं या. पायताण काढा. पयली काडी यजमानाची!"

त्या माणसाच्या अंगावर काटा आला. त्यानं पायातलं काढलं, टोपी काढली, पुन्हा घातली, बायकोला बोलावलं. बायकोनं हळदकुंकू आणलं. कुणीतरी नारळ आणला. आणि काडी ओढली जात असताना मावशी पाठ फिरवून उभी राहिली, पदर तोंडात धरून. लोकांना वाटलं, बाई भारावली. त्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या लग्नात लोकांनी आपण होऊन यजमानाला पुढं केलं. वर्ष दीड वर्षात बाकीचे आचारीही काडेपेटी पुढं करू लागले. न केली तर लोक कुरकुरायचे.

मला मात्र दोन गोष्टी खटकायच्या. एक म्हणजे ऐन चैत्रात, लग्नाच्या तेजीत, मावशी काही दिवस कामच घ्यायची नाही. वेल्ह्याकडच्या डोंगरांवर राबाचा धूर दिसायला लागला, की ही खिडक्या लावून घरात बसायची. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं पसरून ती जमीन भाजून काढतात ते. "पित्त वाडतंय धुरानं," ती म्हणायची. जन्म धुरात काढलेली बाई!

दुसरी गोष्ट एका लग्नातली. वाढप्यांपैकी एकानं जळती विडी सरपणाशेजारी टाकली. दुसरा पोरगा वेल्ह्याकडचा होता. तो ओरडला, "आरं ए, कोंडिबाची विडी करतूस काय?"

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"आमच्याकडं म्हनत्यात. कोंडिबा म्हनून हाय पासलीत. त्येनं विडी फेकली आन सोताचाच गोठा जाळला. बैल मेला. तवापासनं कुनी ध्यान न देता काय केलं, की म्हनायचं, केली कोंडिबाची विडी."

आम्ही हसलो. मावशी हसली नाही. उलथणं पातेल्यात तसंच सोडून ती मंडपाच्या मागं निघून गेली, आणि पहिली पंगत बसली तरी आली नाही. त्या दिवशी आमटी अळणी झाली. हौसामावशीची आमटी, अळणी! लोक एकमेकांकडं बघत मीठ मागत होते. मी मागं जाऊन पाहिलं तर ती पाण्याच्या टाकीशी बसून हात धूत होती. हात स्वच्छ होते. तरी धूत होती.

आता भालेराव पास्टर. यांच्याशिवाय पुढची गोष्ट नाही. भोरमध्ये ख्रिस्ती घरं थोडी, त्यांची मंडळी एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेला जमते. पास्टर आधी एसटीत होते. स्टँडवरच्या केबिनमधून गाड्या पुकारायचे. आवाज तोच राहिला. त्यांच्या तोंडून देवाचं राज्यसुद्धा फलाट क्रमांक दोनवर लागल्यासारखं वाटायचं. माणूस बारीक, चष्मा जाड, आणि इतका सज्जन, की मला त्यांच्याकडून भाडं मागताना घसा साफ करावा लागायचा.

एका ईस्टरला त्यांनी ठरवलं, पहाटेची उपासना भाटघरच्या पाण्याकाठी करायची आणि नंतर तिथंच सगळ्यांनी न्याहारी करायची. भाजलेली मासळी आणि भाकरी. सतरंज्या माझ्या, स्वयंपाक मावशीचा. मावशीला मी सांगितलं होतं, ख्रिस्ती लोकांचं काम आहे. ती म्हणाली, "चिलापी भाजायला धरम लागतोय व्हय?"

फटफटायला आम्ही पोचलो. मावशीनं काठावर तीन दगडांच्या चुली मांडल्या, चिलापीला मसाला चोळला, आणि मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "यजमान कोन?"

पास्टर गोंधळले. "यजमान? आमच्यात तसं... म्हणजे आजचा यजमान प्रभूच आहे."

"मग बोलवा त्येला. चूल पेटवायचीया."

मी सतरंजी झटकण्याच्या मिषानं तोंड लपवलं. पास्टर मात्र हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "बाई, खरं सांगू? त्यानं एकदा पेटवली होती. अशाच पाण्याच्या काठी, अशाच वेळी. म्हणून तर आम्ही इथं आलो."

आणि त्या पुकाऱ्याच्या आवाजात त्यांनी गोष्ट सांगितली. प्रभूला धरून नेलं, तेव्हा त्याचा एक शिष्य, जातीचा कोळी, मागोमाग गेला. अंगणात शेकोटी होती, तिथं शेकत बसला. लोकांनी विचारलं, तू त्याच्याच बरोबरचा ना? हा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखतही नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन ढसढसा रडला. पुढं प्रभूला मारलं, आणि तिसऱ्या दिवशी प्रभू पुन्हा जिवंत उठला. हा कोळी मात्र तोंड लपवून आपल्या जाळ्याकडं परत गेला. एका पहाटे रिकाम्या हातानं काठाकडं येतोय, तर काठावर विस्तव पेटलेला. विस्तवावर मासळी. शेजारी भाकर. आणि प्रभू हाक मारतोय, चला, खाऊन घ्या.

मावशीच्या हातातली चिलापी परातीत पडली.

"परत इस्तवापाशीच बोलवलं त्येला?"

"हो. तसल्याच शेकोटीपाशी."

"आन इचारलं न्हाई? का रं मुडद्या, तवा आसं का बोललास?"

"नाही. माझ्यावर माया आहे ना, एवढं विचारलं. ते पण नंतर. आधी खायला घातलं."

"आदी खायाला घातलं?"

"आधी."

मावशी मटकन खाली बसली. चुली पास्टरांनीच पेटवल्या. एरवी पाठ फिरवणारी मावशी त्या दिवशी विस्तवाकडं टक लावून बघत राहिली, आणि अख्खी मासळी करपली. मंडळींनी एका शब्दानं तक्रार न करता ती करपलेली चिलापी खाल्ली. पास्टरांच्या बायकोनं एका पत्रावळीवर भाकरी आणि त्यातल्या त्यात बरा तुकडा वाढून मावशीसमोर ठेवला. मी म्हणालो, "त्या नंतर जेवतात, खरवड." मावशीनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती जेवली. सगळ्यांच्या बरोबर, ओळीत बसून, नाक पुसत पुसत.

त्यानंतर ती रविवारी त्या हॉलवर जाऊ लागली. गावात कुजबूज झाली, होणारच. एका मुलीच्या आत्यानं तोंडावर विचारलं, "हौसाबाई, बाटलात म्हणं?" मावशीनं वाटीभर लापशी तिच्या हातात दिली. "खाऊन सांगा, लापशी बाटली का." आत्यानं दुसरी वाटी मागून घेतली. काही कामं गेली, काही राहिली. मावशीचा आवाज तसाच राहिला, शिव्या थोड्या कमी झाल्या. भट्टीची काडी मात्र अजून यजमानाचीच.

मग एका सकाळी ती माझ्या गोदामात येऊन उभी राहिली. "मंडपवाल्या, टेम्पो काढ. पासलीला जायाचंय."

"भांडी किती टाकू?"

"भांडी न्हाई. मला टाक."

बाहेर भालेराव पास्टर उभे होते. तेही यायला तयार होते. मावशी त्यांना म्हणाली, "न्हाई, पास्टर. तुमी आलात तर त्यास्नी वाटंल, ही धरमाचं सांगाया आली. मला माझं सांगायचंय." पास्टरांनी तिथंच रस्त्यावर डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना केली. मी टेम्पोचं इंजिन चालू ठेवायचं की बंद करायचं, या विचारात अर्धं बंद केलं.

मार्गासनी मागं पडली. गाडी वेल्ह्याच्या चढाला लागली तशी मावशी बोलायला लागली, समोरच्या काचेकडं बघत.

नवी नवरी होती ती. चैत्राचे दिवस, घरची माणसं वेल्ह्याला बाजाराला गेलेली. राब पेटवून दिला होता, आणि तो निवेपर्यंत बांधावर ओला ढाळा, म्हणजे पानांची हिरवी फांदी, घेऊन राखण करायची, एवढंच काम तिला सांगितलं होतं. ज्वाळ बसली. वर नुसती राख दिसत होती. तेवढ्यात गावात कासार आला.

"हिरव्या बांगड्या हुत्या रं त्येच्याकडं. म्या म्हनलं, आता काय, इझलंय. गेले. हातभर बांगड्या भरल्या. परत येतीया तर वारं सुटल्यालं, आन कोंडिबादादाचा गोठा पेटल्याला."

एक बैल जळाला. दुसरा सोडवताना कोंडिबाच्या बायकोचे, यमुनाक्काचे, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. संध्याकाळी सासऱ्यानं विचारलं, पोरी, राब इझवला हुतास का? ती म्हणाली, पानी मारून इझवला हुता. देवाची शपथ घेऊन म्हणाली. मग लोक म्हणाले, आग आली कुठून? कुणीतरी कोंडिबाच्या विडीचं नाव काढलं, सगळ्यांनी तेच धरलं, आणि शेवटी कोंडिबाही म्हणाला, म्या गंजीपाशी विडी वडत हुतो. माझीच आसंल.

"म्या तितंच हुबी हुते," मावशी म्हणाली. "हातात बांगड्या वाजू नयेत म्हनून हात पदरात धरून. तोंड उगडलं न्हाई. कोंडिबादादानं विडी सोडली. बैल गेला, जोडी मोडली. आन गावानं त्येची म्हन केली."

मी घाटातलं एक वळण जरा जास्तच काळजीपूर्वक घेतलं. मग न राहवून म्हणालो, "पण मावशी, तुम्ही म्हणता देवानं तुम्हाला माफ केलं. मग आता हे उकरायचं कशाला?"

"आरं येड्या, माफ केलं म्हनून तर उकराया येतंय! आदी उकरलं आसतं तर म्याच त्या खड्ड्यात पडून मेले आसते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पास्टर म्हनत्यात, येशूनं माझं पाप सोताच्या अंगावर घेतलं. त्येनं आपन हून घेतलं. कोंडिबादादानं कुटं हून घेतलं? त्येच्यावर म्या टाकलं. मी सुटले, आन त्यो बिचारा अजून माझ्या जागी अडकलाय."

पासलीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. कोंडिबाआबा पडवीत बसून घायपाताचा दोर वळत होता. वाळलेल्या शेंगेसारखा म्हातारा. यमुनाक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिच्या हातांची कातडी अजून चकाकत होती, मेणासारखी.

"कोन, हौसा व्हय? किती वरसांनी गं बाई! ये, पानी घे."

"पानी मागनं, अक्का. आदी बोलते." मावशी पडवीत चढलीच नाही. अंगणात उन्हात उभी राहिली. हजार माणसांच्या पंगतीवरून जाणारा तो आवाज, आता मला टेम्पोपाशी कान टवकारून ऐकावा लागत होता. तिनं सगळं सांगितलं. कासार, बांगड्या, शपथ. एकही शब्द गाळला नाही, एकही सबब जोडली नाही. शेवटी म्हणाली, "तुमची विडी न्हवती, दादा. माझा राब हुता. येशूनं मला पदरात घेतलं, म्हनून तुमच्या दारात हुबं ऱ्हायाचं बळ आलं. तुमी काय म्हनाल ते म्या ऐकून घिईन."

दोर वळायचा थांबला होता.

"माझी विडी न्हवती?" आबा म्हणाला.

"न्हाई."

"तरी म्या म्हनत हुतो." तो आमच्यापैकी कुणाशीच बोलत नव्हता. "म्या दगडावर इझवली हुती. चांगली घासून. मला सपष्ट आटवत हुतं. पन समदी म्हनाली, आन मग... मग मलाबी आटवंना झालं."

यमुनाक्कानं तांब्या खाली ठेवला नाही, उलट छातीशी धरला. "बैलाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ह्या हातांचंबी ऱ्हाऊ दे. पन हौसा, हा मानूस हसायचा गं. लई हसायचा. त्या दिसापासनं ह्यो खळ्यावर हसला न्हाई, पोराच्या लग्नात हसला न्हाई. पोरं म्हन म्हनत चिडवायची, ह्यो खाली मान घालून जायाचा. त्ये तू कुटनं भरून देनार?"

"कुटनंच न्हाई, अक्का," मावशी म्हणाली. आणि जी बाई मोठमोठ्या पाटलांपुढं वाकली नव्हती, ती मान खाली घालून नुसती उभी राहिली. तिची शरम मी तेव्हा प्रथम उघड्यावर पाहिली. एवढी वर्षं ती विधीत, थाटात, खरवडीत लपलेली होती.

आबानं दोर बाजूला सारला. मग माझ्याकडं बघून हाक मारली. "ओ टेम्पोवालं, विडी हाय का?"

माझ्या मंडप बांधणाऱ्या पोरांसाठी टेम्पोत बंडल असतं. मी बंडल आणि काडेपेटी घेऊन धावलो. आबानं विडी ओठात धरली. मग काडेपेटी हातात फिरवली, आणि अंगणात उतरून ती मावशीपुढं केली.

"लाव."

मावशी काडेपेटीकडं बघत राहिली. भोंगवलीला बघितलं होतं, तस्संच. माझ्या जिभेवर आलं होतं, की आबा, पहिली काडी यजमानाची, द्या इकडं, मी लावतो. देवानं मला त्या घडीला गप्प बसायची बुद्धी दिली.

तिनं काडी ओढली. मोडली. दुसरी पेटली आणि वाऱ्यानं गेली. तेव्हा आबानं आपले दोन्ही पंजे तिच्या हाताभोवती धरून आडोसा केला, आणि पुढची काडी पेटली. विडीचं टोक लाल झालं. आबानं एक झुरका मारला आणि त्याला असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं. ठसका होता, की हसू, की आणखी काही, ते मला टेम्पोपाशी उभं राहून कळलं नाही.

"घ्या," यमुनाक्का म्हणाली, "बैल मारला, आता खोकल्यानं ह्यास्नी मारती." पण तांब्या तिनं पडवीच्या कडेला आणून ठेवला होता. आम्ही निघालो तेव्हा तिनं मावशीला जवळ घेतलं नाही, भाकर बांधून दिली नाही. दारातूनच म्हणाली, "चैताला येत जा. राबाला राखनीला मानूस लागतंय. आमच्यानं आता बांधावर बसवत न्हाई."

परतीच्या वाटेवर मावशीनं वेल्ह्यात टेम्पो थांबवला आणि मिसळ मागवली. ताजी. मला म्हणाली, "बगतूस काय, तूबी घे. तर्री कमी हाय, पन मानूस भुकेला आसंल तर चालंल."

पुढच्याच आठवड्यात शिवऱ्याला हायवेवरच्या कार्यालयात एक लग्न होतं. मावशी मोठ्या तोऱ्यात पुढं झाली, भट्टीसमोर बसली आणि स्वतः काडी ओढली. झक्क पेटली. मला टाळी वाजवावीशी वाटली. तेवढ्यात मुलीचा बाप टोपी सावरत धावत आला. "मावशी! हे काय केलंत? पहिली काडी यजमानाची! पूर्वापार आहे आपल्याकडं!" बायका घाबरल्या, कुणी गुरुजींना बोलवायला धावलं. मावशीनं त्याला समजवायचा खूप प्रयत्न केला, की बाबा, हे काही शास्त्र नाही, हे मीच काढलंय, माझीच भीती होती ती. कोण ऐकतंय? शेवटी भट्टी विझवून यजमानाच्या हातानं पुन्हा पेटवावी लागली. मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "माझी चूक माफ झाली, पन ह्यांची काडी न्हाई सुटायची."

आता मावशीनं मोठी कामं सोडलीत. मागच्या चैत्रात केळदच्या एका लग्नाचं सामान पोचवून मी रिकामा टेम्पो घेऊन परत येत होतो. पासलीच्या पुढं डाव्या हाताला एका तुकड्यातून पातळ धूर निघत होता, आणि बांधावर, ओला ढाळा मांडीवर घेऊन, मावशी बसली होती. दूर पडवीत विडीचा ठिपका दिसला, म्हणजे मला दिसला असं वाटलं.

मी गाडी थांबवून हाक दिली, "मावशी, चला की! भोरला सोडतो. राब कधीच विझलाय."

तिनं ढाळ्यानं राखेची एक कड उकरून बघितली. तिथं लाल काही नव्हतं. तरी ती उठली नाही. ढाळा हलवूनच तिनं मला वाटेला लावलं.

"जा तू, मंडपवाल्या. आजून गरम हाय. गार झाली का येते."